मत हलकं असू दे, पण पाहिलेलं असू दे

दादरच्या सबटायटल कार्यशाळेत माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलीनं परवा मोठा निरोप पाठवला. मुलुंडला राहते, नोकरी ठाण्याला. रात्री जेवणं आटपली की फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर सिनेमा, राजकारण आणि भाषा यांवर लिहीत बसते. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "ताई, मराठीत लिहिलं की चाळीस लोक वाचतात, तेच हिंदीत लिहिलं की चारशे. मग मराठीत का लिहू? आणि लिहायचं तर कुठे? राजकारणावर लिहिलं की घरच्या ग्रुपवर काका रागावतात. शिवाय माझी मतं काही अभ्यासाची नसतात, सहज सुचलेली असतात. अशी मतं लिहावीत का?" सोबत तिनं आपल्या तीन पोस्ट जोडल्या होत्या.

मी गेली बावीस वर्षं सबटायटल्स आणि डबिंगचं मराठी लिहिते. दिवसभर दुसऱ्याचं बोलणं मराठीत आणायचं, ते पडद्यावरच्या माणसाच्या तोंडात बसवायचं, हे माझं काम. हेच प्रश्न मला दर कार्यशाळेत कुणीतरी विचारतंच, म्हणून सविस्तर लिहिते.

अगं, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांची उत्तरं त्यातच आहेत. सहज सुचलेलं मत लिहावं. सिनेमा सुटल्यावर जिन्यावरून उतरताना माणूस शेजारच्याला जे बोलतो, त्याइतकं खरं परीक्षण मी क्वचितच छापलेलं वाचलं आहे. पण जिन्यावरचा माणूस काय बोलतो ते नीट ऐक. "तो बाप दारात उभा राहिला ना, तिथे मला रडू आलं." तो दाराबद्दल बोलतो, बापाबद्दल बोलतो. तोच माणूस फोन हातात घेतला की लिहितो, "अप्रतिम कलाकृती, आवर्जून पाहावा असा चित्रपट." यात दारही गेलं आणि बापही गेला.

तुझी पहिली पोस्ट बघ. "या मूव्हीची स्टोरी खूप रिलेटेबल आहे, आईचा रोल तर टॉप नॉच, मस्ट वॉच." मी तुला फोन करून विचारलं, रिलेटेबल म्हणजे काय गं? तू क्षणभर थांबलीस आणि म्हणालीस, "ती आई कामावरून घरी येते ना ताई, तेव्हा दिवा लावत नाही. अंधारातच आधी गॅसवर चहाचं आधण ठेवते, मग पर्स खाली ठेवते. माझी आई अगदी अस्संच करते. मला वाटायचं ती एकटीच असं करते." हे तुझं मत. त्या दिग्दर्शकानं पाहिलेली गोष्ट तू पाहिलीस, तुझ्या आईत ओळखलीस. फोनवर तुला ते सांगायला अर्धं मिनिट लागलं, आणि पोस्टमध्ये त्यातला एक शब्दही नव्हता. तू जे बोललीस तेच जसंच्या तसं लिहून टाकलं असतंस तर वाचणाऱ्या प्रत्येकाला आपली आई आठवली असती. मत हलकं असायला माझी काही हरकत नाही. त्यात तू स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं काहीतरी असावं, एवढाच माझा आग्रह आहे, आणि ते तू घरी ज्या शब्दांत सांगशील त्याच शब्दांत असावं.

शब्दांचं एक उदाहरण देते, ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे. अंधेरीच्या एका स्टुडिओत इस्पितळावरची एक इंग्रजी मालिका मराठीत डब होत होती. डॉक्टर बाहेर येतो आणि बाकावर बसलेल्या बाईला म्हणतो, 'आय अ‍ॅम सो सॉरी फॉर युवर लॉस'. मी लिहून नेलं होतं, "तुमच्या नुकसानाबद्दल मला अतिशय वाईट वाटतं." अर्थ बरोबर, लांबी बरोबर. त्या बाईचा आवाज द्यायला गिरगावातल्या एक ज्येष्ठ नाट्यकर्मी आल्या होत्या. त्यांनी ते वाक्य कानांवरच्या हेडफोनमधून ऐकलं आणि माइकपासून मागे सरकल्या. म्हणाल्या, "बाळा, नुकसान दुकानाचं होतं. माणूस जातो. असं कुणी मला म्हटलं तर मी रडणार कशी?" रेकॉर्डिस्टनं लूप, म्हणजे परत परत चालणारा तो तुकडा, थांबवला. आम्ही दहा मिनिटं त्या पावणेदोन सेकंदांवर बसलो. आपल्याकडे मयताच्या घरी माणूस फारसं बोलतच नाही. "कधी झालं?" विचारतो, नाहीतर नुसता बसून राहतो. शेवटी झालं ते असं: "ऐकलं मी. फार वाईट झालं." आणि गंमत बघ, मूळ वाक्यात 'फॉर' म्हणताना त्या डॉक्टरचा खालचा ओठ दातांना लागत होता, बरोबर तिथेच 'फार'मधला फ येऊन बसला. त्या बाईंनी पुढचा हुंदका पहिल्याच टेकमध्ये दिला.

त्या दिवसापासून प्रत्येक ओळ लिहिल्यावर मी एकच प्रश्न विचारते: हे वाक्य मी कुणाच्या तोंडून ऐकलं आहे का? तूही पोस्ट टाकण्याआधी ती मोठ्यानं वाच. जिथे जीभ अडखळेल तिथे बहुतेक वेळा दुसरी भाषा खाली दडलेली असते.

याचा अर्थ इंग्रजी शब्द काढून टाक असा नाही. शब्दांची भीती मला वाटत नाही. वडापावातला बटाटा पोर्तुगीज आहे आणि पावही पोर्तुगीज, आणि वडापावाइतकं मराठी दुसरं काय आहे मुंबईत? तिकीट, स्टेशन, लोकल, फास्ट, स्लो हे शब्द माझ्या आजीच्याही तोंडी होते. उलट दिशेनंही शब्द जातात. मुंबईचा हिंदी बोलणारा माणूस 'वाट लग गई' म्हणतो, 'राडा हो गया' म्हणतो. ती वाट आणि तो राडा आपल्याकडूनच गेले. नवे शब्द घडवण्यालाही माझा विरोध नाही. सावरकरांनी सुचवलेले दिग्दर्शक, महापौर, हुतात्मा हे शब्द आपण इतके वापरतो की ते कुणी घडवले असतील असं वाटतही नाही. फाउंटनपेनसाठी त्यांनी सुचवलेली 'झरणी' मात्र कुणाच्या खिशाला लागली नाही. शब्द राहील की जाईल हे वापरणारी माणसं ठरवतात. घात होतो तो वाक्याच्या घडणीत. "ही फिल्म बघणं तर बनतं", "माझी मदत कर", "त्यानं मला चुकीचं समजलं" या वाक्यांत एकही शब्द परका नाही, सगळे मराठी आहेत, आणि वाक्य मात्र हिंदीचं आहे. "बघायलाच हवी", "मला मदत कर", "त्याचा माझ्याबद्दल गैरसमज झाला" असं आपण म्हणतो. तुझ्या तिन्ही पोस्टमध्ये मिळून अशी चार वाक्यं सापडली. खुणा करून पाठवते.

आता तुझी दुसरी पोस्ट. तिच्याबद्दल मला कडक बोलायचं आहे. एका मुलाखतीत एक अभिनेत्री "मी बोलली", "मी गेली" असं म्हणाली आणि तू त्यावर "मराठीचा खून" असं लिहिलंस. ती पोस्ट काढून टाक. "मी बोलली" ही मुंबईची, कोकणपट्टीची बोली आहे. लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून माणसं गिरणीत कामाला आली आणि त्यांच्या बोली एका नळावर भांडून-नांदून मुंबईची मराठी झाली. त्याआधीपासून इथे कोळी आहेत, आगरी आहेत, वसई ते गोराई-मनोरीपर्यंत ईस्ट इंडियन म्हणवणारे इथले मूळचे ख्रिस्ती लोक आहेत, त्यांच्या मराठीचा बाज आणखी वेगळा. ही सगळी घरात बोलली जाणारी, आईकडून आलेली भाषा आहे. "बघणं बनतं" हे मात्र कुणाच्या आईचं नाही, ते घाईत केलेलं भाषांतर आहे. हा फरक ज्याला कळला त्यानं भाषेवर जरूर लिहावं. ज्याला अजून कळला नाही त्यानं आधी लोकलच्या दुसऱ्या वर्गाच्या बायकांच्या डब्यात सहा महिने कान उघडे ठेवून बसावं. २०१६ साली 'सैराट' करमाळ्याकडची बोली घेऊन आला आणि मुंबईची पोरं ती वाक्यं तशीच बोलायला लागली, हे तूही पाहिलंस. तेव्हा कुणालाही ती भाषा 'शुद्ध' करून हवी नव्हती.

चाळीस आणि चारशे यांचं सांगते. २०११ च्या जनगणनेत देशात मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, एकट्या मुंबईत सुमारे ४४ लाख. त्यामुळे वाचणारेच नाहीत असं मनात आणू नकोस. हिंदीत त्याच सिनेमावर हजारो जण लिहितात, त्यांत तुझी पोस्ट अंगठ्याखालून सरकून जाते आणि चारशेचा आकडा उमटतो. मी तुझ्या हिंदी पोस्टखालचे प्रतिसाद वाचले: बहुतेक बदाम आणि टाळ्या. मराठी पोस्टखाली सात जणांनी वाक्यं लिहिली होती. एका बाईनं लिहिलं होतं, "आमच्या मालवणात या वस्तूला वेगळं नाव आहे." त्या सात जणांशी तुझं बोलणं सुरू झालं आहे. शिवाय ज्या सिनेमात मालवणी आई अंधारात आधण ठेवते, त्यावर हिंदीत लिहायला कोण बसलंय? ते काम तुझ्यासारखीनंच करायचं. ज्यांना हिंदीत सांगायचं त्यांच्यासाठी हिंदीत वेगळं लिही, त्यात काही पाप नाही. फक्त एकच मजकूर दोन्हीकडे भाषांतर करून टाकू नकोस; दोन्ही पातळ होतात.

आणि लिहिशील ते देवनागरीत लिही. रोमन लिपीत के-ए-एल लिहिलं तर ते काल, काळ, कल की कळ? एम-ए-एल-ए म्हणजे मला, माला, माळा की मळा? वाचणारा अंदाजानं वाचतो, आणि शोधणाऱ्याला तर सापडतच नाही. आता प्रत्येक फोनवर मराठी कळफलक असतो, बोलून टाइपही करता येतं. मात्र बोलून टाइप केलेलं एकदा डोळ्यांखालून घाल, विशेषतः 'ऱ्य' आणि 'र्य'. या एका अक्षरानं माझ्यावर ओढवलेली पाळी सांगते. एका लग्नाच्या प्रसंगात बाप ओरडतो, "आचाऱ्यांना बोलवा, जेवण कमी पडतंय." माझ्या फाइलमध्ये बरोबर होतं. त्या वेळच्या एका सॉफ्टवेअरनं अर्धा र बदलला आणि प्रक्षेपणात पट्टी आली, "आचार्यांना बोलवा." स्वयंपाक्याऐवजी गुरुजी. शेवटची तपासणी माझी होती आणि मी ती घाईत केली होती. तो दोष माझाच. तेव्हापासून दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना हे मी वेगळं शोधून तपासते. फोनवर 'ऱ' हे खाली नुक्ता (टिंब) असलेलं अक्षर घ्यायचं, त्याला हलन्त (पाय मोडायची खूण) द्यायचा आणि मग य. ऱ्य बरोबर येतो. तसंच ॲप, ॲक्टर यांतल्या अ वरचा चंद्र. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आलं, त्यामुळे जुन्या फाइली-फॉन्टमध्ये अजून त्याची मोडतोड दिसते.

कुठे लिहावं, हे मी थोडक्यात सांगते, कारण जागा बदलत राहतात. माझ्या डोळ्यांदेखत ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, टिकटॉकवर २०२० मध्ये बंदी आली आणि तिथे मालवणी-वऱ्हाडीत झकास बोलणाऱ्या कितीतरी बायकांचं सगळं काम एका रात्रीत दिसेनासं झालं. म्हणून लिहिलेलं आधी स्वतःच्या फाइलमध्ये ठेव, मग चढव. फेसबुकवर लांब मराठी मजकूर अजून वाचला जातो, पण पहिल्या काही ओळींनंतर 'आणखी पहा' येतं. तेव्हा अंधारातली आई पहिल्या दोन ओळींत आली पाहिजे, दिग्दर्शकाची माहिती नंतर. इन्स्टाग्रामवर लोक चित्र बघायला येतात, तिथे एका चौकोनात एकच वाक्य. एक्सवर साध्या, बिनपैशाच्या खात्याला २८० ची मर्यादा आहे, आणि ती मराठीला जास्त जाचते, हे फार जणांना ठाऊक नसतं. तिथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'मुंबई' डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मोजणीत पाच. 'प्रश्न' दोन जोडाक्षरं दिसतात, मोजणीत सहा. त्यामुळे तिथे मोकळं मराठी, कमी जोडाक्षरांचं लिहावं लागतं. मला ती शिस्त आवडते. सबटायटलमध्येही आम्हाला दोनच ओळी मिळतात, एका ओळीत साधारण चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि सात सेकंदांच्या वर एक पट्टी ठेवत नाहीत. 'प्रतिक्षिप्त प्रतिक्रिया व्यक्त केली' लिहिण्याआधी 'दचकली' आठवतं.

आपल्याकडच्या सिनेमातल्या पट्ट्यांचा उगम मुंबईतलाच, म्हणून सिनेमाकडे वळताना तेवढं सांगते. ३ मे १९१३ रोजी गिरगावात कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पडद्यावरचं कुणी बोलत नव्हतं. मध्ये मध्ये पाट्या यायच्या, इंग्रजीबरोबर मराठीत आणि हिंदीतही. म्हणजे आपल्या सिनेमाच्या सुरुवातीपासून या शहरात कुणीतरी बसून ठरवत होतं की हे आपल्या माणसाला कुठल्या शब्दांत सांगायचं. माझं आजचं काम तेच आहे, आणि तुझंही.

मराठी सिनेमावर लिहायचं तर शुक्रवारी रात्री लिही, फार तर शनिवारी सकाळी. कारण धंद्याचं आहे. शुक्रवार ते रविवार किती खुर्च्या भरल्या ते बघून सोमवारपासून खेळ कमी-जास्त होतात. गुरुवारी आलेली सुंदर पोस्ट वाचून माणूस निघतो तोवर सिनेमा उतरलेला असतो. आणि मतासोबत माहिती दे: मुलुंडला खेळ किती वाजता आहे, ठाण्याला कुठे आहे, सभागृहात किती माणसं होती. पडदा मिळण्याचं भांडण जुनं आहे. १९७१ मध्ये 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूर सिनेमागृहात ते पेटलं आणि बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले, तो किस्सा दादा कोंडकेंच्या चाहत्यांना पाठ आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ अशी वेळ होती, वाद झाल्यावर ती दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. आता दुपारी सव्वाबाराचा खेळही त्या व्याख्येत बसतो, आणि मंगळवारी सव्वाबाराला नोकरी करणारी तू कशी जाणार? हे तुझ्या पोस्टमध्ये आलं पाहिजे. "मला हा सिनेमा बघायचा होता, माझ्या घरापासून तासाभरात संध्याकाळचा एकही खेळ नव्हता." हे वाक्य कुठल्याही अग्रलेखापेक्षा जास्त सांगतं.

पण मराठी आहे म्हणून चांगलं लिहू नकोस, हे हात जोडून सांगते. अशा पोस्टनी फार नुकसान केलं आहे. तिकीट काढून गेलेला माणूस एकदा फसला की पुढच्या तीन चांगल्या चित्रपटांना येत नाही. सिनेमा फसला असेल तर कुठे फसला ते सांग, त्या लोकांनी वर्षभर राबून काम केलेलं असतं, त्यांना ते कळणं उपयोगाचं असतं. आणखी एक, सभागृहात पडद्याचं चित्रीकरण करून स्टोरीत टाकू नकोस. सगळे करतात, पण २०२३ च्या दुरुस्तीनंतर सिनेमॅटोग्राफ कायद्यात तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे, किमान तीन महिन्यांचा.

राहिलं राजकारण. तुझी तिसरी पोस्ट २०२५ च्या हिंदीच्या वादावरची, तू जुनी म्हणून पाठवलेली. त्या वेळी काय झालं ते क्रमानं आठव. १६ एप्रिलला शासन निर्णय आला की पहिलीपासून हिंदी ही अनिवार्य तिसरी भाषा असेल. विरोध झाल्यावर १७ जूनला सुधारित निर्णय आला, त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी वेगळी भाषा हवी असेल तर वर्गात ती मागणारे किमान २० विद्यार्थी हवेत, अशी अट होती. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले, आणि ५ जुलैला वरळीत दोघे ठाकरे बंधू एका व्यासपीठावर आले. तुझी पोस्ट १८ जूनची आहे. तू लिहिलंस, "हिंदीसक्ती रद्द! जिंकलो!" त्याच दिवशी तुझ्या काकांनी ग्रुपवर पाठवलेल्या चित्रात होतं, "हिंदीसक्ती कायम!" दोघांनीही निर्णय वाचला नव्हता. सगळा वाद त्या एका क्रियाविशेषणात होता. 'सर्वसाधारणपणे' म्हणजे वीस मुलं जमली नाहीत तर प्रत्यक्षात हिंदीच. ज्या शाळेच्या वर्गात तीसच मुलं आहेत, तिथे वीस कुठून आणायची? हे तू लिहायला हवं होतंस. तुझा धंदा शब्दांचा आहे. माझं स्वतःचं मत विचारशील तर सहा वर्षांच्या मुलाला तिसऱ्या भाषेचं ओझं नको, मग ती कुठलीही असो. आधी त्याला एका भाषेत मनातलं नीट सांगता येऊ दे. पण हे मत मी निर्णयाचं पान उघडून वाचल्यावर मांडलं.

शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर असतो. प्रत्येकाच्या शेवटच्या परिच्छेदात एक अठरा आकडी संकेतांक असतो आणि त्याची सुरुवात वर्ष-महिना-तारखेनं होते. ग्रुपवर फिरणाऱ्या चित्रात तो नसेल किंवा त्यातली तारीख जुळत नसेल तर थांब. व्हॉट्सअ‍ॅपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवायची मर्यादा घातली आणि २०२० मध्ये पुष्कळदा फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. निरोपावर दुहेरी बाण दिसला तर तो कुणाच्याही डोळ्यांनी पाहिलेला उरलेला नसतो.

राजकारणावर लिहायचंच तर तुझ्या वॉर्डापासून लिही. मुंबईत २२७ प्रभाग आहेत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं नगरसेवकाविना प्रशासकानं कारभार पाहिला. त्या काळात तुझ्या गल्लीतलं गटार तुंबलं तेव्हा तू कुणाला फोन केलास? कुणी उचलला? दिल्लीबद्दल तुला मला जेवढं ठाऊक तेवढंच ठाऊक आहे, गटाराबद्दल मात्र जगात सगळ्यात जास्त तुलाच.

भीतीचंही खरं खरं सांगते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुण मुलीनं फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीनं त्या नुसत्या लाइक केल्या, आणि दोघींना अटक झाली. तो गुन्हा पुढे टिकला नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमावर देशभर अशा अटका होत होत्या, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवलं. पालघर विरारच्या पुढे आहे, मुंबईची लोकल जाते तिथे. त्या दोघींमुळे तुला-मला आज जास्त मोकळं लिहिता येतं, याची मला रोज जाणीव असते. पण बदनामीचा गुन्हा अजून आहे, भारतीय न्याय संहितेत तो ३५६ व्या कलमात आहे. आणि जाती-धर्म-भाषेवरून तेढ वाढवण्याचा १९६ व्या कलमात. म्हणून निर्णयावर, कामावर, भाषणातल्या वाक्यावर हवं तितकं तिखट लिही. माणसानं पैसे खाल्ले असं लिहायचं तर हातात कागद हवा. आणि 'ते लोक' या शब्दांनी सुरू होणारं वाक्य लिहूच नकोस. त्यात कुणी एक माणूस पाहिलेला नसतो.

काकांचं. काका तुझ्या मतावर रागावले नाहीत, सगळ्या भाचरा-पुतण्यांसमोर तू त्यांना "आधी वाचत जा" म्हणालीस त्यावर रागावले. घरच्या ग्रुपवर मोठ्यांना चूक दाखवायची नाही, फोन करायचा. तू सांगितलंस की ते बेस्टमध्ये कंडक्टर होते, तीस वर्षं. तीस वर्षं माणूस मुंबईच्या बसमध्ये तिकिटं फाडत उभा होता, आणि तू भाषेवर लिहिताना त्याला एकदाही विचारलं नाहीस? या रविवारी त्यांच्याकडे जा. माहीमच्या स्टॉपवर चढणाऱ्याशी ते कुठल्या भाषेत बोलायचे, भायखळ्याला कुठल्या, सुट्टे नसले की कुणाला काय म्हणायचे, ते त्यांच्या तोंडून ऐक आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे. लिहून झालं की आधी काकांना वाचून दाखव. मग मला पाठव, जोडाक्षरं मी तपासून देईन.